गाडीच्या एसीतला जुना आर-१२ गॅस काढून १३४ए: "दोन तासांचं काम" म्हणणाऱ्यांसाठी

गेजवाला
काल एकाने लिहिलं: "कॉन्टेसाचा आर-१२ संपला? दोन अडॅप्टर लावा, १३४ए सोडा, दोन तासांत गाडी गार. तेलबिल बदलायच्या भानगडीत पडू नका." त्यावर लोक वाहवा करतायत, म्हणून हे लांबण.

खरी भानगड तेलाचीच आहे. मिनरल तेल आर-१२ मध्ये विरघळून त्याच्याबरोबर फिरतं. १३४ए मध्ये ते विरघळत नाही. कूलिंग कॉइलच्या तळाशी जाऊन बसतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. सुरुवातीला छान गार, मग खरखर, मग जाम. आणि शिव्या १३४ए ला.

उरलेला गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये घ्या, हवेत सोडू नका. कॉम्प्रेसर उतरवून उलटा करा, शाफ्ट हाताने फिरवत तेल निथळू द्या. कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) आणि कॉइल वेगवेगळे फ्लश करा, एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कॉइलच्या तोंडाशी गॅसचा दाब उतरवणारा) काढून. फ्लशचं द्रावण आत राहिलं तर नवं तेल पातळ होतं, म्हणून शेवटी कोरडा नायट्रोजन मारा. ड्रायर (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची डबी) नवाच हवा. जुन्यातले एक्सएच-५ चे दाणे १३४ए सोबत टिकत नाहीत, त्यांचा भुगा व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडकतो. एक्सएच-७ किंवा ९ मागून घ्या. ओ-रिंग सगळ्या एचएनबीआर रबराच्या, तेल लावून बसवा. तेल एस्टर, म्हणजे १३४ए सोबत फिरणारं कृत्रिम तेल. पॅग हे दुसरं कृत्रिम तेल घालू नका, मिनरलच्या आणि क्लोरीनच्या अंशाशी त्याचं पटत नाही. गळती शोधायला नायट्रोजन १५० पीएसआय (दाबाचं माप) भरून साबणाचं पाणी लावा. व्हॅक्यूम किमान ४५ मिनिटं, नंतर पंप बंद करून अर्धा तास गेजचा काटा हलता कामा नये.

आणि गॅस वजनकाट्यावर! आर-१२ च्या मापाच्या ८० ते ८५ टक्के. माप १ किलोचं असेल तर ८०० ते ८५० ग्रॅम. गॅस दिसायच्या छोट्या काचेतले बुडबुडे जाईपर्यंत भरायची सवय १३४ए ला चालत नाही, हमखास जास्त भरला जातो.

आता सांगा, दोन तास?

मूळस्वरूप
एवढं सगळं उपटायचं, तर बदलायचं कशाला? जुन्या देवळाला बाथरूमच्या टाइल्स लावण्यातला प्रकार. ६० अंशांना आर-१२ चा दाब २०६ पीएसआय, १३४ए चा २२९. जुना ट्यूब-फिन कंडेन्सर त्या हिशोबाचा नाहीच. हायवेवर चालेल. सायनच्या सिग्नलवर गाडी उभी राहिली की पंखा पुरत नाही, हाय साइड (कॉम्प्रेसरपुढचा जास्त दाब) ३०० वर, आणि झरोक्यातून कोमट वारा. आर-१२ ची गाडी आर-१२ वरच ठेवा.

गेजवाला
आणि तो आणणार कुठून? आपल्यासारख्या देशांतही २०१० पासून बंद आहे. आज "जुना स्टॉक" म्हणून जे विकतात त्यात काय आहे ते सिलिंडरलाच माहीत. कित्येक ठिकाणी सरळ आर-२२ हा वेगळाच गॅस भरतात. त्याचा दाब ६० अंशांना ३३५ च्या पुढे, जुने होज फाटणारच. २०११ साली व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये रीफर (मालाच्या थंड) कंटेनरचे कॉम्प्रेसर फुटून तंत्रज्ञ दगावले. भेसळीच्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड होतं, ते ॲल्युमिनियमशी भिडतं. ही तुमची मूळ स्वरूपाची श्रद्धा.

सिलिंडरभाऊ
दोघेही उगाच घाम गाळताय. प्रोपेन-आयसोब्युटेन मिश्रण भरा. मिनरल तेल तेच, दाब जवळपास आर-१२ चाच, वजन फक्त ३५-४० टक्के. घरातला नवा फ्रिज आर-६००ए वर, म्हणजे आयसोब्युटेनवरच चालतो, तेव्हा कुणी बोंबलत नाही.

गेजवाला
फ्रिजमध्ये ५०-६० ग्रॅम असतो, सगळं वेल्ड करून सीलबंद. गाडीत पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर, शाफ्ट सील कधी ना कधी गळणारच. आणि कॉइल कुठे? डॅशबोर्डखाली, माणसांच्या गुडघ्यांशी. हवेत प्रोपेन २.१ टक्के झाला की ठिणगीची वाट. केबिन ३ घनमीटर धरा: ६३ लिटर, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आत. तुम्ही भरणार ३५० ग्रॅम. ठिणगीला ब्लोअरच्या मोटरचे ब्रश आहेतच.

सिलिंडरभाऊ
त्याच गाडीच्या मागे पेट्रोलची टाकी आहे साहेब. आणि सीएनजीच्या टॅक्सीत बसताना हा हिशोब आठवतो का?

गेजवाला
सीएनजीची टाकी डिकीत, व्हॉल्व्हला गळका गॅस धरणारी पिशवी, तिची नळी गाडीबाहेर. शिवाय त्याला वास घातलेला असतो. रेफ्रिजरंट ग्रेडला वास नसतो, गळलं तर कळणारही नाही. वासासाठी स्वयंपाकाचा गॅस भरणारे महाभाग आहेत. त्यातल्या ओलाव्याने एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो.

सिलिंडरभाऊ
बरं बाबा, कॉइल आत असताना नको. एवढंच मान्य. भीती विकायचा धंदा चांगला चाललाय तुमचा.

काळी_काच
मूळ दुखणं कुणी बोलत नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी आणली. एवढाल्या काचांतून ऊन आत येणार आणि तुम्ही ग्रॅम मोजत बसा!

मूळस्वरूप
रात्री नऊला सिग्नलवर ऊन कुठून येतं? तेव्हाही कोमटच लागतं. प्रश्न कंडेन्सरचा आहे, काचेचा नाही.

तीन_टोकी_तारा
पहिल्यांदाच बरोबर बोललात. मर्सिडीज डब्ल्यू १२३ वर डेल्को आर-४ कॉम्प्रेसर असतो, त्याला वाढलेला दाब मुळीच मानवत नाही. त्यात जुन्या कंडेन्सरवर १३४ए भरला तर उभ्या गाडीत कॉम्प्रेसर मरतो. त्या जागेत मावेल तेवढा मोठा पॅरलल फ्लो (शेजारी-शेजारी चपट्या नळ्यांचा) कंडेन्सर बसवा, पुढे इलेक्ट्रिक पंखा, कडेच्या फटी फोमने बुजवा म्हणजे इंजिनची गरम हवा फिरून पुढे येणार नाही. हाय प्रेशर कटऑफ स्विच लावाच. होज बॅरिअरचे (गॅस झिरपू न देणाऱ्या आतल्या थराचे) करून घ्या. ३५ अंशांच्या दिवशी, १५०० आरपीएमला, लो साइड (कॉम्प्रेसरकडे परतणारा कमी दाब) २८ ते ४०, हाय साइड २१० ते २४०. कंडेन्सरवर पाणी मारलं आणि हाय साइड धाडकन उतरली, तर गॅस नाही, हवा कमी पडतेय.

गेजवाला
कंडेन्सरचं मी लिहायला हवं होतं. राहिलं.

मूळस्वरूप
राहिलं! अर्धं काम तेच आहे. असो. पॅरलल फ्लो घालणार असाल तर माझी हरकत मागे, पण पुढची पट्टी कापून बसवू नका, ब्रॅकेट मूळच्याच बोल्टच्या भोकांवर घ्या. आणि जुना कंडेन्सर भंगारात न देता माळ्यावर ठेवा.

गेजवाला
ठेवा. दोन्ही तोंडांना बुचं मारून ठेवा, नाहीतर आत झुरळं राहतील.