पानशेतचा पूर: आजीची आठवण खरी की काकांची?

नदीकाठची:
नारायण पेठेतल्या आमच्या घरात हा वाद कायमचा आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मोठे काका पाच वर्षांचे. आजी म्हणते पाणी चढायच्या आधीच आम्ही सगळे समोरच्या वाड्याच्या माडीवर गेलो होतो आणि काका म्हणतात छे, आजोबांनी मला खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातून काढलं, तो चिखलाचा वास अजून नाकात आहे. दोघंही ठाम. मला सगळं लिहून ठेवायचंय, आजी नव्वदीची आहे आता. धरायचं कोणाचं?

निशिगंध_७:
कोणीच खोटं बोलत नाहीये हे आधी पक्कं समजा. मेंदूत प्रसंगाचे तुकडे राहतात, बाकीचं आपण आठवताना दर वेळी नव्याने जुळवतो आणि त्यात नंतर घरात ऐकलेलं, फोटोत पाहिलेलं सगळं मिसळतं. लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना कार अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं गाड्या धडकल्या तेव्हा स्पीड किती होता, काहींना विचारलं आदळून चुराडा झाला तेव्हा किती. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती, तरी पहिल्या ५० पैकी ७ जण हो म्हणाले, दुसऱ्या ५० पैकी १६!

घाटावरचा:
फिल्मचं ठीक आहे हो, पण एवढा जीवावरचा प्रसंग माणूस चुकीचा कसा आठवेल?

निशिगंध_७:
आठवतो ना. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान फुटलं, दुसऱ्याच दिवशी नायसर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून बातमी कुठे, कशी कळली ते लिहून घेतलं. अडीच-तीन वर्षांनी परत विचारलं तर साधारण चौथाई जणांचं मुख्य सगळंच चुकलं, आणि सांगताना बऱ्याच जणांना पक्की खात्री. स्वतःच्या अक्षरातला कागद समोर ठेवला तरी जुनी आठवण परत आली नाही. म्हणून नदीकाठची, ठामपणावर जाऊ नका. दोघांना वेगवेगळं बसवा, फोन रेकॉर्डिंगला लावा आणि 'पाणी छातीपर्यंत होतं ना?' असं अजिबात विचारू नका, नुसतं 'मग काय झालं?' एवढंच.

नदीकाठची:
काल काकांना विचारलं. त्यांना आजोबांची पाठ दिसते आणि खांद्यावर बसलेले स्वतः दिसतात! म्हणजे हे ऐकीव?

निशिगंध_७:
नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. जुन्या आठवणीत माणूस स्वतःला बाहेरून बघतो हे बऱ्याचदा होतं, खऱ्या प्रसंगातही. दोन्ही हकीकती तारखेसकट जशाच्या तशा लिहा, आणि त्या माडीवर असलेलं अजून कोणी हयात असेल तर आजी-काकांचं काही कानावर जायच्या आत त्यांना गाठा.