'ॲरे सबस्क्रिप्ट हॅज टाइप चार' ही वॉर्निंग नेमकी कशाबद्दल आहे?

प्रश्न:
सी भाषेत प्रोग्राम लिहितोय: फाइलमध्ये कोणता बाइट किती वेळा येतो ते मोजायचंय. ॲरे असा: इंट मोजणी[२५६]. लूपमध्ये दोनच ओळी: चार सी = बफर[आय]; मोजणी[सी]++; (इथे 'चार' म्हणजे char, एका बाइटचा प्रकार; 'सी' हे व्हेरिएबलचं नाव.)
जीसीसी कंपायलरला -वॉल (-Wall, नेहमीच्या वॉर्निंग दाखवायचा पर्याय) दिलं की दुसऱ्या ओळीवर ही वॉर्निंग येते. इंग्रजी मजकुराचे आकडे बरोबर येतात. मराठी फाइल दिली की बेरीज जुळत नाही, कधी सेगमेंटेशन फॉल्ट येऊन प्रोग्राम बंद पडतो. मोजणी[(इंट)सी] केल्यावर वॉर्निंग गेली, आकडे चुकीचेच. २५६ घरं असताना इंडेक्स बाहेर जातोच कसा?

उत्तर १:
वरून नाही, खालून जातोय. नुसता चार साइन्ड (ऋण आकडेही घेणारा) की अनसाइन्ड (फक्त शून्य आणि धन), हे सी भाषेच्या स्टँडर्डने कंपायलरवर सोडलंय. एक्स८६ लिनक्सवर तो साइन्ड, म्हणजे −१२८ ते १२७. इंग्रजी अक्षरं १२७च्या आत बसतात. मराठी मजकूर ज्या यूटीएफ-८ पद्धतीने साठवतात, तिच्यात 'म' मात्र तीन बाइटचा: २२४, १६४, १७४. साइन्ड चारमध्ये तेच −३२, −९२, −८२ होतात. मग मोजणी[−३२]++ ॲरेच्या आधीच्या मेमरीत लिहितं. तिथे काय ठेवलंय त्यावर पुढचं अवलंबून. म्हणून कधी नुसती बेरीज चुकते, कधी प्रोग्राम कोसळतो.

(इंट) लावून −३२चा −३२च राहतो, फक्त कंपायलर गप्प होतो. (अनसाइन्ड इंट) त्याहून वाईट: ३२ बिटांत ४२९४९६७२६४. हवं ते असं: मोजणी[(अनसाइन्ड चार)सी]++. त्यापेक्षा बफर आणि सी दोन्ही अनसाइन्ड चार घ्या, म्हणजे कास्ट (कंसात लिहिलेला प्रकार) विसरायची भीतीच नको.

उत्तर २:
एआरएम लिनक्सवर चार अनसाइन्ड असतो, त्यामुळे हाच कोड तिथे बिनबोभाट चालेल. तरी जीसीसी तिथेही वॉर्निंग देतं, आणि ते योग्यच आहे. उलट साइन्ड चार असं स्पष्ट लिहिलंत तर चूक तीच, पण ही वॉर्निंग येत नाही! म्हणून चाचणीच्या वेळी कंपाइल करताना -एफसॅनिटाइझ=अनडिफाइन्ड (-fsanitize=undefined, अशा चुका चालताना पकडणारा पर्याय) लावून मराठी फाइल चालवा. ओळ क्रमांकासकट 'इंडेक्स −३२ आउट ऑफ बाउंड्स' असं दाखवेल.

उत्तर ३:
इझअल्फा (अक्षर आहे का ते सांगणारं), टूअपर (कॅपिटल करणारं) वगैरे फंक्शन्सनाही हाच नियम. त्यांना ० ते २५५ किंवा ईओएफ (फाइल संपल्याची खूण) एवढंच चालतं, तेव्हा तिथेही आधी (अनसाइन्ड चार). काही लायब्ररींत ही फंक्शन्स मॅक्रो असतात आणि आत टेबलाचा ॲरे असतो, त्यामुळे तुमच्या ओळीत चौकोनी कंस नसतानाही हीच वॉर्निंग दिसते. एकेक बाइट वाचणाऱ्या गेटचारचं उत्तर मात्र इंटमध्येच ठेवा. ते साइन्ड चारमध्ये ठेवलं तर २५५चा बाइट ईओएफ समजून लूप मध्येच थांबतो, अनसाइन्डमध्ये ठेवलं तर थांबतच नाही.