वाफ्यांतलं आणि पेव्हरच्या फटींतलं तण: औषध न मारता आवरेल का? (नाशिक)

अंगणातली_मोगरी
नमस्कार मंडळी. आम्ही यंदाच पाथर्डी फाट्याजवळ रो-हाउसमध्ये राहायला आलो. मागे लांबट अंगण आहे. एका वाफ्यात गुलाब आणि मोगरा, दुसऱ्यात वांगी-मिरची, तिसरा अजून मोकळा. मधून गेटपर्यंत पेव्हर ब्लॉकची वाट. वाफ्यांत बांधकामाच्या वेळी बाहेरून आणलेली काळी माती टाकलेली आहे.

पाऊस सुरू झाल्यापासून तणाने जीव नकोसा केलाय. वाफ्यांत त्रिकोणी दांड्याचं, चकचकीत पात्यांचं गवत आहे. उपटलं की नुसती पात हातात येते आणि आठवडा जात नाही तोच पुन्हा तेवढंच. वाटेच्या फटींत हरळी, आणि जमिनीला चिकटून पसरणारं, तोडलं की दूध येणारं काहीतरी. शेजारचा प्लॉट रिकामा आहे, तिथे गाजरगवत कमरेएवढं झालंय.

माळीदादा म्हणतात, एकदा तणनाशक मारू, विषय संपेल. पण घरात रांगतं बाळ आहे आणि वांगी-मिरची आम्हीच खाणार. औषध टाळून हे आवरणं शक्य आहे का? आणि मोकळ्या वाफ्यात आत्ता काही लावू की थांबू?

सातपूरकर
वाटेवर जाडं मीठ पसरा आणि वरून पाणी मारा. आमच्या कॉलनीत सगळे हेच करतात. फटींत काही उगवत नाही.

मखमलाबादचा_मळेकरी
मोगरीताई, मिठाचं मनावर घेऊ नका. मीठ फटीत बसून राहत नाही. पहिल्या जोराच्या सरीबरोबर ते शेजारच्या वाफ्यात उतरतं. आपली काळी माती पाणी धरून ठेवणारी, तिच्यातून मीठ सहजी निचरून जात नाही. गुलाबाच्या पानांच्या कडा करपायला लागल्या की कारण सापडेपर्यंत हंगाम गेलेला असतो.

आता त्या त्रिकोणी दांड्याच्या गवताबद्दल. तो लव्हाळा, म्हणजे नागरमोथा. बाहेरच्या मातीबरोबर हमखास येतो. त्याचं खरं घर जमिनीखाली आहे. काळ्या गाठी एकमेकींना दोऱ्यासारख्या मुळांनी जोडलेल्या असतात, बहुतेक वरच्या वीतभर मातीत. वरची पात ओढली की दोरा तुटतो आणि खालची गाठ नवा कोंब सोडते. म्हणून तुमची मेहनत वाया जातेय असं वाटतं. पण ती वाया जात नाही, वेळ साधला तर. प्रत्येक नवा कोंब गाठीतल्या साठ्यावर वर येतो. साधारण ३-४ आठवडे त्याला मोकळं सोडलं की तो उलट नव्या गाठी धरायला लागतो. त्याआधी, पाच-सहा पानं दिसली की खुरप्याने मातीच्या थोडं खालून कापायचा. दर पंधरवड्याला, खंड न पाडता. मोठा झाल्यावर एकदा जोर लावून उपटण्यापेक्षा, लहान असताना वारंवार कापणं याच्यावर जास्त भारी पडतं. एका पावसाळ्यात तो संपणार नाही, पण पुढच्या वर्षी फरक स्वतः बघाल.

दुसरं, लव्हाळ्याला सावली सोसत नाही. मोकळा वाफा मोकळा ठेवूच नका. त्यात तागाचं बी दाट फेका किंवा रताळ्याचे वेल लावा. ताग ४०-४५ दिवसांत फुलावर येतो, तेव्हा कापून तिथेच मातीत गाडायचा. तण दबतं आणि मातीला हिरवळीचं खत मिळतं. रताळं लावलंत तर काढणीच्या वेळी माती उकरली जातेच, तेव्हा गाठी वेचून घ्या.

आणि तिसरं उन्हाळ्यात. एप्रिल-मे मध्ये तो वाफा वीतभर खणून ढेकळं तशीच उलटी टाका. पाणी अजिबात द्यायचं नाही. लव्हाळ्याची गाठ कोरडी पडली की मरते. शेतकरी उन्हाळी नांगरट करतो त्यामागे हेही एक कारण आहे. आपल्याकडचं वैशाखातलं ऊन फुकट मिळणारं औषध आहे, ते वापरा.

गच्ची_ते_गार्डन
मळेकरी काका, उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिक अंथरून माती तापवतात, ते चालेल ना? आमच्याकडे त्याचा छान उपयोग झाला.

मखमलाबादचा_मळेकरी
बियांपासून उगवणाऱ्या तणांसाठी उत्तम. माती आधी भिजवायची, २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक कागद ताणून चारही कडा मातीत गाडायच्या, ४ ते ६ आठवडे ठेवायचा. काळा कागद नको, तो स्वतःच तापतो, माती तेवढी तापत नाही. पण खोलवरच्या लव्हाळ्याच्या गाठी त्याने पूर्ण मरत नाहीत. त्याचे कोंब इतके टोकदार असतात की टोमॅटोवाले अंथरतात ते मल्चिंग पेपरसुद्धा फोडून वर येतात. म्हणून मोगरीताईंना मी खणून वाळवायलाच सांगेन.

देवळाली_रोपवाटिका
मी रोपवाटिकेत काम करते. गुलाब-मोगऱ्याच्या वाफ्यासाठी आच्छादन करा, त्याला पर्याय नाही. आधी तण कापून घ्या, मग ओला केलेला पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राचे ७-८ थर कडा एकमेकांवर चढवून पसरा, आणि वर ३ इंच पाचट, वाळका पाला किंवा भाताचं तूस. तूस त्र्यंबक-इगतपुरीकडच्या भातगिरण्यांत मिळतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षबागांतून काड्या निघतात, त्यांचा चुरा मिळाला तर तो पाल्यापेक्षा जास्त टिकतो.

किती लागेल याचा अंदाज सांगते. १० बाय ४ फुटांच्या वाफ्यावर ३ इंचांचा थर म्हणजे १० घनफूट, साधारण चार मोठी पोती. वाळका पाला महिनाभरात बसतो, म्हणून तो दुप्पट जमवून ठेवा. झाडाच्या बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडायची, नाहीतर बुंधा कुजतो आणि उन्हाळ्यात वाळवी चढते.

एक खबरदारी. ऐन झडीच्या दिवसांत आच्छादनाखाली गोगलगायी दडतात आणि वांगी-मिरचीची कोवळी रोपं एका रात्रीत फस्त करतात. म्हणून भाजीच्या वाफ्यात आत्ता पातळच थर द्या. गणपतीनंतर पाऊस ओसरला की जाड करा. संध्याकाळी वाफ्यात ओलं गोणपाट ठेवायचं आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करायच्या.

शेणखताबद्दलही सांगते. अर्धवट कुजलेल्या शेणखतात तणाच्या बिया जिवंत असतात. हातात घेतल्यावर शेणाचा वास येत असेल तर ते अजून तयार नाही. विकणारा काहीही म्हणो, घेऊ नका.

द्राक्षपट्टा
तणनाशकाबद्दल मी लिहितो, कारण आमच्याकडे पिंपळगाव भागात त्याचा रोजचा संबंध येतो.

घरगुती बागेत ज्याला सरसकट ‘तणनाशक’ म्हणतात ते बहुतेक वेळा ग्लायफोसेट असतं. ते पानांतून आत जाऊन मुळापर्यंत पोचतं. ते तण आणि गुलाब असा फरक करत नाही. गुलाबाच्या हिरव्या फांदीवर फवारा उडाला तरी झाड आजारी पडतं. मारल्यावर काही तासांत पाऊस आला तर ते धुऊन जातं, आणि आत्ता पाऊस कधी येईल सांगता येत नाही. शिवाय मातीत पडलेल्या बियांवर त्याचा परिणाम नाही, पुढच्या सरीला नवं तण उगवणारच. ‘एकदा मारलं की विषय संपला’ असं म्हणूनच होत नाही. आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच वापरायचं असं बंधन घातलं. माळीदादांनी पंप घेऊन मारणं त्या नियमात बसत नाही.

पॅराक्वाट नावाचं दुसरं तणनाशक कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. रांगतं बाळ असलेल्या घरात त्याची बाटली ठेवायचा विचारही करू नका.

तिसरं, टू-फोर-डी. त्याचा नुसता वाऱ्यावर आलेला अंशसुद्धा द्राक्षाची पानं वाकडी करतो, टोमॅटोचीही. तुमची वांगी-मिरची टोमॅटोच्याच घराण्यातली. आमच्याकडे त्याचा पंपच वेगळा ठेवतात, कारण धुतलेल्या पंपातही ते शिल्लक राहतं. भाड्याच्या पंपात आधी काय होतं हे आपल्याला कुठे माहीत असतं? त्यामुळे तुमच्या अंगणासाठी माझं उत्तर स्पष्ट आहे: औषध नको, आणि त्यावाचून अडणारही नाही.

इंदिरानगर_आजोबा
वाटेचं मी सांगतो. पेव्हरच्या फटींतलं तण बहुतेक खालून येत नाही. झाडून बाजूला न केलेली धूळ आणि पाला फटीत बसतो, त्याची माती होते आणि वाऱ्याने आलेली बी त्यात रुजते. तुम्ही लिहिलेलं दूध निघणारं तण म्हणजे दुधी, ते असंच येतं. तो चीक डोळ्यांना लागू देऊ नका.

आधी फटी रिकाम्या करा. करवतीचं तुटलेलं पातं दांड्याला बांधलं की उत्तम हत्यार होतं. ओल असताना ओढलं तर मुळासकट निघतं. मग कोरड्या दिवशी बारीक क्रश सँड (दगडाची चुरी) झाडूने फटींत भरायची, पाणी शिंपडून बसवायची, पुन्हा भरायची. फट काठोकाठ भरली की धुळीला जागा राहत नाही. पुढे आठवड्याला खराट्याने झाडणं चुकवू नका. सिमेंटने फटी बुजवायचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. पाणी मुरत नाही, काही दिवसांनी तडे जातात आणि हरळी त्याच तड्यांतून वर येते.

कोवळ्या रोपांवर उकळतं पाणी ओतलं तर मरतात, बाळ घरात असताना मात्र जपून. व्हिनेगर कोवळी पानं करपवतं, हरळीच्या मुळाला काही करत नाही. हरळी वाटेवरून वाफ्यात धावते, तिला अडवायला कडेने वीतभर खोल उभ्या विटा किंवा पत्र्याची पट्टी गाडा.

खुरपं बुधवारी गंगेवरच्या (गोदाकाठच्या) बाजारात लोहाराकडून घ्या. पातळ पात्याचं आणि हाताला हलकं बघा.

अंगणातली_मोगरी
सगळ्यांचे मनापासून आभार. माळीदादांना औषध नको म्हणून सांगितलं. दोन शंका राहिल्या. पाऊस थांबतच नाही, माती चिकट झालीय, खुरपायचं कधी? आणि शेजारच्या गाजरगवताचं काय करू?

मखमलाबादचा_मळेकरी
वाफसा येईपर्यंत वाफ्यात पाय ठेवू नका. मूठभर माती दाबून पाहा. लाडू वळला आणि बोटाने टिचकी मारल्यावर फुटला, तर वाफसा आहे. चिखलात खुरपलं तर माती घट्ट होते आणि उपटलेलं तण तिथेच पुन्हा मूळ धरतं, केना तर हमखास. झड लागली असेल तर काठावर उभं राहून विळ्याने तण जमिनीलगत कापा, फुलावर येऊ देऊ नका, एवढंच. बी पडलं नाही की पुढच्या वर्षीचं निम्मं काम वाचतं.

काढलेला लव्हाळा आणि हरळी कंपोस्टमध्ये टाकू नका. पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पिंपात महिनाभर कुजवा, किंवा ऊन असेल तेव्हा सिमेंटवर कडक वाळवा. झाकण घट्ट हवं, बाळासाठीही आणि डासांसाठीही.

देवळाली_रोपवाटिका
आणि सगळं फेकू नका! घोळ, केना, कुर्डू, टाकळा यांची कोवळी पानं भाजीला उत्तम. मात्र ओळख पक्की असलेलंच खा, आणि रस्त्याकडेचं किंवा फवारलेल्या जागेचं अजिबात नको.

द्राक्षपट्टा
गाजरगवत फुलण्याआधी निघायला हवं. एका झाडाला हजारो बिया येतात आणि त्या वाऱ्यापाण्याने लांब जातात. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल हवाच. त्याने अंगावर पुरळ येतं, परागांनी दम्याचा त्रास वाढतो. फुलं आली असतील तर उपटून हलवू नका, विळ्याने कापून पोत्यात भरा. प्लॉटमालकाला आताच गाठा, जमलं तर गल्लीतल्या दोन-तीन घरांनी मिळून.

पानांवर पिवळट, तपकिरी नागमोडी रेषांचे छोटे भुंगे दिसले तर त्यांना मारू नका. ते मेक्सिकन भुंगे, १९८० च्या दशकात मुद्दाम गाजरगवतासाठीच भारतात आणले गेले. पावसाळ्यात ते आणि त्यांच्या अळ्या पानांची चाळण करतात. कापलेल्या झाडांवर ते असले तर पोत्यात भरण्याआधी शेजारच्या उभ्या गाजरगवतावर झटकून घ्या.