७१ साली मढला पाणबुडी लागली म्हणे!

दर्याकाठ: "१९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानी पाणबुडीतून मढला माणसं उतरली, कोणीतरी होडीतून आत आणलं, सरकारने दडपलं." सकाळपासून ही पोस्ट प्रत्येक ग्रुपवर. अहो, पाकिस्तानची 'हंगोर' पाणबुडी मुंबईबाहेर दबा धरून होती, मान्य. ९ डिसेंबरला तिने दीवजवळ आपली युद्धनौका 'खुकरी' बुडवली, १९४ जण गेले. एवढी मोठी नामुष्की लपली नाही, आणि मढला उतरलेली माणसं लपली?

ब्लॅकआऊटवाला: तेव्हा जन्मला होतात का? खिडक्यांना काळे कागद, गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवलेले. आमच्या चाळीत एकाने गॅलरीत विडी पेटवली तर वॉर्डनने त्याला हेर ठरवला. माझ्या मामाने गच्चीवरून समुद्रात दिवा मिचकावताना पाहिलाय. मामा थापा मारणारा नव्हता.

दर्याकाठ: विडीवाला हेर नव्हता, पण मामांचा दिवा मात्र पाणबुडीचा. वा!

गोदीकर: अफवाच हव्यात तर १४ एप्रिल १९४४ घ्या. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं आणि लोक ओरडत सुटले, जपानी आले! जपानी कुठले, कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात भरलेला. आजोबा मांडवीहून दादरपर्यंत पायी गेले, डोक्यावर शिलाई मशीन. वरून जहाजातल्या सोन्याच्या विटा उडत होत्या.

हिशेबनीस: त्या विटांचं पुढे काय झालं?

गोदीकर: गाळ काढताना कित्येक वर्षांनीही सापडायच्या. सरकारजमा.

हिशेबनीस: सगळ्या? आमच्या गल्लीत एकाने ४५ साली अचानक माडी चढवली, पगार कारकुनाचा.

गोदीकर: पुराव्याशिवाय मेलेल्या माणसाला चोर ठरवू नका.

वेसावकरीण: सोनं ठेवा बाजूला. "कोणीतरी होडीतून आणलं" म्हणजे कोण, कोळीच ना? २००८ ला बधवार पार्कला उतरलेल्या अतिरेक्यांना 'कोण रे तुम्ही' विचारलं ते कोळ्यांनी. १९९३ ला रायगडात शेखाडीला बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स उतरलं, त्यात कस्टमवाले आणि पोलीसही दोषी ठरले. तरी आमची पोरं जाळी घेऊन निघाली की ओळखपत्र दाखवा! दर वेळी आम्हीच फितूर?

ब्लॅकआऊटवाला: कोळ्यांचं नाव मी काढलंच नाही. बरं बाई, पाणबुडी नसेल लागली. पण दिवा होता.

वेसावकरीण: असेल, आमच्याच कोणाचा तरी. मासळी ब्लॅकआऊट पाळत नाही, काका.

हिशेबनीस: एक वीट किती वजनाची असेल?

गोदीकर: बारा किलोच्या वर. झोपा आता.