वंगण, ओलावा की जेली? उतारवयाच्या पत्रिकेसाठी शब्द हवा

गिरणाकाठ:
जळगाव जिल्ह्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांसाठी चार पानी पत्रिका मराठीत करायची आहे. विषय पाळी गेल्यानंतरचे शरीरसंबंध. मूळ मजकुरात दोन वस्तू आहेत. एक संबंधाच्या वेळी लावायची. दुसरी, संबंध असो-नसो, दर दोन-तीन दिवसांनी आत लावायची. पहिलीला 'वंगण' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'स्निग्धद्रव्य' केलं. दुसरीला शब्दच मिळत नाही. सुचवा.

अनेर:
वंगण नको. आपल्याकडे ते बैलगाडीच्या आसाला देतात. पण 'स्निग्ध' त्याहून वाईट. ते वाचलं की तेल-तूप डोळ्यापुढे येतं आणि घरातलं खोबरेल लावलं जातं. तेलानं लॅटेक्सचा निरोध काही मिनिटांत कच्चा पडतो. पाळी गेली म्हणजे दिवस जाण्याची भीती गेली, संसर्गाची नाही. पत्रिकेत 'पाण्यात विरघळणारी' हे शब्द हवेतच.

वाघूर:
वंगण अस्सल मराठी आहे हो! हिंदीत कण्याला तेल देण्याला 'औंगना' म्हणतात, त्याचाच हा सख्खा भाऊ असावा. मुळाशी 'अंजन' असेल तर डोळ्यात घालायचं आणि गाडीला लावायचं एकाच घरातलं. घर्षण कमी करणं हेच काम दोन्हीकडे. संस्कृतची चादर ओढून लाज झाकायची सवय सोडू या.

पांझरा:
वाघूरभाऊ, अंजनातला 'ज' कुठे गेला ते आधी सांगा. प्रश्न मेडिकलच्या काउंटरवरचा आहे. बाई तिथे 'वंगण द्या' म्हणणार नाही, 'जेली' म्हणेल. आणि नुसतं 'जेली' म्हटलं तर हातात लिग्नोकेन २ टक्केची नळी पडू शकते. ती लघवीची नळी घालताना वापरतात, जागा बधिर करते. दुखणं लपतं, कातडी सोलवटली तरी कळत नाही, जोडीदारालाही बधिरपणा येतो. म्हणून 'बधिर न करणारी, पाण्याची जेली' असं पूर्ण लिहा. मधुमेह असेल तर साखरेसारखे पदार्थ आणि ग्लिसरीन जास्त असलेली जेली टाळलेली बरी. आग होते, खाज वाढते.

गिरणाकाठ:
आणि दुसऱ्या वस्तूचं? 'योनिशोषावरील मलम' चालेल?

अनेर:
'शोष' म्हटलं की घशाला पडलेला शोष, मग पाणी प्या म्हणतील. मूळ 'शुष्', त्यातूनच आपलं सुकणं, म्हणून शब्द शुद्धच आहे. पण तो अर्धंच सांगतो. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं संप्रेरक कमी झालं की आतलं अस्तर पातळ होतं, त्यातली साखर घटते, तिच्यावर जगणारे चांगले जंतू कमी होतात आणि आम्लता उतरते. आधी पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तर आम्लता जास्त) साधारण ३.८ ते ४.५ असतो, नंतर ५ च्या वर जातो. मूत्रमार्गाचंही तेच होतं. म्हणूनच इंग्रजीतलं 'शोष' अर्थाचं नाव २०१४ मध्ये बदलून मूत्रमार्गाला त्यात जागा दिली.

तापीथडी:
मग 'उन्हाळी'चं काय करायचं? खान्देशात एप्रिल-मेमध्ये लघवीला आग झाली की 'उन्हाळी लागली' म्हणायचं, सब्जा नि धन्या-जिऱ्याचं पाणी प्यायचं. शब्दच कारण सांगतो, ऊन. पण साठीच्या बाईला दिवाळीतही पुन्हा पुन्हा आग होत असेल तर ऊन नव्हे, अस्तर बघायला हवं. पाणी भरपूर प्यावंच, पण लघवी तपासणंही हवं. 'उन्हाळी' पत्रिकेत घ्याच. बाया त्याच नावानं दुखणं सांगतात.

वाघूर:
उन्हाळी म्हणजे 'ऊन' नव्हे, 'ऊन लागणारी', कढत लघवी. ऊन पाण्यातला ऊन. ऋतूशी संबंध नाही.

तापीथडी:
दोन्ही 'ऊन' उष्णातूनच आले, दादा. आणि लोक ऋतूच समजतात.

पांझरा:
दोन वस्तूंबरोबर तिसरीही लिहा: इस्ट्रोजेनचं मलम. ती डॉक्टरच्या चिठ्ठीवरच. इस्ट्रिऑल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) ०.१ टक्का असेल तर साधारणपणे अर्धा ग्रॅम रोज रात्री दोन-तीन आठवडे, मग आठवड्यातून दोनदा. बायका आठ दिवसांत गुण नाही म्हणून सोडतात. पूर्ण फरकाला आठ ते बारा आठवडे लागतात. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारायचं. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभरही रक्त दिसलं तर 'कोरडेपणानं झालं असेल' म्हणून बसू नये, तपासायचं. आपल्याकडे 'अंगावरून जातंय' यात पांढरं-लाल एकच होतं, म्हणून रंग सांगायला सांगा.

अनेर:
पुरुषांचं पान कुठे आहे? तिथे 'कमजोरी' आणि 'नामर्दी' लिहू नका. ताठरता न येणं, एवढंच लिहा. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, म्हणून आधी त्या तुंबतात. हृदयाची तपासणी करून घ्या हे वाक्य हवंच. आणि ताठरतेची गोळी सिल्डेनाफिल हृदयाच्या नायट्रेट औषधाबरोबर कधीच नाही, रक्तदाब धाडकन उतरतो.

तापीथडी:
'नायट्रेट' कोणाला कळणार? 'छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी' लिहा. सॉर्बिट्रेट म्हटलं तर गावातही कळतं.

पांझरा:
रोज गिळायच्या नायट्रेटच्या गोळ्याही असतात. 'जिभेखालची' एवढंच लिहिलं तर ते लोक सुटतील.

वाघूर:
'हृदयाची कोणतीही गोळी' लिहा, मराठीत आहे.

पांझरा:
मग रक्त पातळ ठेवायची गोळी घेणाराही घाबरून ती बंद करेल. नायट्रेट हा शब्द ठेवा, कंसात नावं द्या, आणि गोळ्यांची पट्टी डॉक्टरला दाखवायला सांगा.