'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' : याला मराठीत काय म्हणावं? (चौघांचं बोलणं; नावांऐवजी त्यांची ठिकाणं दिली आहेत.)

ऐरोली : गणपती जवळ आले की सोसायटीत मुलांच्या तोंडी 'सुखकर्ता दुःखहर्ता' आरतीतलं 'लंबोदर पीतांबर फळीवर वंदना' हमखास ऐकू येतं. अशा चुकीच्या ऐकण्याला इंग्रजीत 'मॉंडग्रीन' म्हणतात. सिल्व्हिया राइट यांनी १९५४ साली हा शब्द रूढ केला. एका स्कॉटिश पोवाड्यातलं 'लेड हिम ऑन द ग्रीन' त्यांना लहानपणी 'लेडी मॉंडग्रीन' असं ऐकू आलं होतं. मराठीत 'अपपाठ' म्हटलं तर चालेल का?

नौपाडा : अपपाठ नको. तो पोथीतला शब्द आहे. नकलणाऱ्याच्या समोर अक्षर असतं आणि हात चुकतो. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती अशा पाठांमधून. मुलानं तर अक्षर पाहिलेलंच नसतं. सरळ 'कानचूक' म्हणावं.

आता 'फळीवर'कडे बघा. फणिवर म्हणजे श्रेष्ठ नाग, आणि तोच ज्याच्या कमरेला बांधलेला आहे तो फणिवरबंधना. चालीत 'णि' लांबतो, 'फणी' होतो आणि पुढचा 'वर' सुटा पडतो. सुटा 'वर' म्हटला की मुलाच्या डोक्यात टेबलावर, खुर्चीवर हेच येणार. फळी घरात असतेच, आणि देवापुढे वंदना करायची हेही त्याला ठाऊक असतं. दोन्ही ओळींचे स्वर जुळवून पाहा : अ-इ-अ-अ-अं-अ-आ. एकही बदललेला नाही. झांजांच्या गजरात व्यंजनं बुडतात आणि स्वर तेवढे तरतात. बुडालेल्या जागी मूल ओळखीचं व्यंजन बसवतं.

वाशी : हे इतर ठिकाणीही लागू पडतं. 'वाट पाहे सदना'चं 'सजणा' होतं, कारण वाट पाहणं आणि सजणा ही गाण्यांतली जुनी जोडी. सदना म्हणजे घरी. 'वदनी कवळ'चं 'कमळ' होतं, कारण कवळ म्हणजे घास हे आता जेवताना कुणी म्हणत नाही. शाळेच्या प्रतिज्ञेतला 'पाईक' 'बाईक' होतो तोही तसाच. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई, सेवक. एवढं सांगितलं की मूल पुन्हा चुकत नाही.

कोपरी : 'उटी शेंदुराची'चं 'ओटी' मात्र या नियमात बसत नाही. तिथे स्वरच बदलतो. शब्दाच्या आरंभीचा 'उ' सुरात धरला की तोंड उघडतं आणि 'ओ'कडे जातं. त्यात ओटी भरणं घरोघर चालतं, उटी फक्त चंदनाची उरली आहे. उटी म्हणजे अंगाला लावायचा लेप, इथे तो शेंदराचा. ओटीत शेंदूर भरत नाहीत.

'संकटी पावावे'चं 'संकष्टी पावावे' तर मोठी माणसंही म्हणतात. पुढचा शब्द बघा : 'निर्वाणी रक्षावे', म्हणजे अगदी शेवटच्या घटकेला. जोड संकटाशी आहे, चतुर्थीशी नाही.

ऐरोली : मग मुलांना शिकवायचं कसं?

नौपाडा : आरती चालू असताना टोकू नका. मूल आवाज खाली घेतं आणि पुटपुटायला लागतं, मग चूक ऐकूच येत नाही. सराव वेगळा ठेवा. आधी त्यालाच विचारा, 'याचा अर्थ काय?' कुठला शब्द चुकला ते त्या उत्तरात कळतं. मग चाल सोडून, गद्यात, शब्द फोडून म्हणा : फणि, वर, बंधना. तीनचारदा झालं की टाळी धरून म्हणा, आणि चाल अगदी शेवटी. दिवसाला एकच ओळ पुरे. कागद देणार असाल तर सामासिक शब्द जोडरेघेनं तोडून मोठ्या टाइपात छापा.

वाशी : एक विनंती. आगरी-कोळी घरातलं मूल 'चरणी'चं 'चरनी' म्हणेल. ती कानचूक नाही, त्याची बोली आहे. अर्थ शाबूत असेल तर हात लावू नये.

कोपरी : आणि ज्यात एकही अक्षर चुकत नाही अशी एक गफलत आहे, ती जास्त पसरलेली आहे. 'वार्ता विघ्नाची' म्हणून सगळे थांबतात आणि पुढे 'नुरवी पुरवी' एका दमात. नुरवी म्हणजे न उरवी, विघ्नाची वार्ताही उरू देत नाही. पुरवी हे प्रेमाचं. 'नुरवी' मागच्या ओळीला चिकटवून म्हणा, तिथे किंचित थांबा, आणि मग 'पुरवी प्रेम' घ्या.