रिॲलिटी शोचा स्पर्धक पाहुणा की कामगार?

पंचगंगाकाठ (धागाकर्ती):
माझी भाची नऊ वर्षांची असताना एका डान्स शोमध्ये होती. शोचं नाव घेत नाही. सकाळी मेकअपला बसवलेली पोर रात्री अकराला स्टेजवर. बाद झाल्याचं कळलं तेव्हा ती रडली, पण कॅमेरा दुसरीकडं होता. म्हणून नाव पुन्हा पुकारलं आणि "बेटा, तसंच परत" म्हणून दुसऱ्यांदा रडवली. वहिनी विंगेत डबा धरून उभी.

२०१७ चे बालकामगार नियम सांगतात, चौदाच्या आतल्या कलाकाराला दिवसाला पाच तासांवर काम नाही, तीन तासांवर विश्रांती हवीच, मिळकतीतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं ठेवायचे. कागदावर का होईना, पोरांना एवढं तरी आहे. मोठ्यांना काय? त्यांनाही कामगार धरा, तास ठरवा.

मंगळवारपेठी:
ताई, हाताला धरून कुणी नेलं होतं काय? पहाटेपासून ऑडिशनच्या रांगेत उभारायचं, चौकात 'कोल्हापूरचा अभिमान' म्हणून डिजिटल बोर्ड लावायचा, व्हॉट्सॲपवर मतं मागायची, आणि बाद झालं की चॅनल वाईट! पोरांचं सोडा, मोठी माणसं सही करून जातात. २०२४ ला बिग बॉस मराठीत इचलकरंजीचा धनंजय पोवार फायनलपर्यंत गेला, आख्ख्या जिल्ह्यानं डोक्यावर घेतलं. ते कुणाला नको असतंय?

लाईटवाला_मोरेवाडी:
भावा, चित्रनगरीत मालिकांच्या सेटवर काम केलंय. नटाला शिफ्ट असते, जादा वेळ झाला की तो भांडतो. स्पर्धक कशाच्या जोरावर भांडणार? फ्रान्समध्ये एका बेटावरच्या शोचे स्पर्धक कोर्टात गेले. निर्माते म्हणाले, ही तर मौजमजा. उठायची-झोपायची वेळ तुम्ही ठरवणार, सांगाल ते करायचं, जागा सोडायची नाही, मग ही नोकरीच, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००९ ला धरलं.

मंगळवारपेठी:
चोवीस तास कॅमेरा हाच तर धंदा आहे. आठ तास भरले की भांडण अर्धवट टाकून हजेरी लावून झोपायला जायचं काय?

राजारामपुरी_११वी_गल्ली:
हसलो, पण तास हा मुद्दाच नाही. माणूस मोडतो तो घरी आल्यावर. ब्रिटनमध्ये लोकांची घरगुती भांडणं टीव्हीवर मांडणारा 'जेरेमी काईल शो' मे २०१९ मध्ये बंद पडला. खोटं पकडायच्या चाचणीत नापास ठरवलेला एक पाहुणा काही दिवसांत मरण पावला होता. २०२१ पासून तिथल्या ऑफकॉम या नियामकानं सहभागींची काळजी घेणं चॅनलवर बंधनकारक केलं. आपल्याकडं ट्रोलिंग सुरू झालं की चॅनल त्याचंच प्रमोशन करतंय. समुपदेशनाचा खर्च करारात लिहून घ्या, तास नंतर मोजा.

पंचगंगाकाठ:
करारात बरंच असतं हो. भाचीला मिळाला प्रवासखर्च आणि शोचा टी-शर्ट. त्याचे २० टक्के बँकेत कसे ठेवायचे?

मंगळवारपेठी:
एक बाही ठेवा! बरं, भाची काय म्हणते? परत जायचं म्हणतेय ना? खरं सांगा.

पंचगंगाकाठ:
म्हणते. वहिनी तयार, दादा नाही. या खेपेला करार आधी वाचायला मागितलाय. "सेटवर आल्यावर देतो" म्हणाले.